सहा फरश्यांची ऊब

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणीला नाही. मोहनला तर नाहीच, आणि खरं म्हणजे ते त्यालाच सांगायचं होतं. त्याला जाऊन आता आठ महिने झाले. ऐकणारा गेल्यावर सांगायला बसले आहे. याला काय म्हणायचं?

सावकाश लिहिते आहे. रोज चार-पाच ओळी. कधी त्याही खोडते.

मोहन माझा नवरा. तोंडानं मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, एकोणीस वर्षं ‘अहो’ म्हणत राहिले. कागदावर मात्र मोहन म्हणते. कागदावर मला नेहमीच जास्त धीर असतो. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. भिवंडीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ देतात तिथं, मोटारी आणि बॉयलर सांभाळायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणत असे. मूल नाही. संध्याकाळी तिघं तीन कोपऱ्यांत बसायचो आणि मागच्या गल्लीतल्या लूमचा आवाज घरभर असायचा — इतका सतत की तो थांबला तरच कळायचं, तो होता म्हणून.

तुम्हाला फरशीचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एकदा मोहन एक मोटार बसवायला उत्तरेकडे, डोंगरातल्या एका लोकरीच्या गिरणीत गेला होता. तिथल्या लॉजमध्ये खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचे. धूर कोंडतो म्हणून खिडकी उघडायची, आणि खिडकी उघडली की ऊब निघून जायची. आठवडाभर तो असा अर्धा धुरात, अर्धा थंडीत झोपला. परत आला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन : जमीनच गरम असली तर? भिंतच उबदार असली तर? धूर नाही, विस्तव नाही. नुसती ऊब, खालून हळूहळू वर येणारी.

वर्षाचे दहा महिने पंख्याखाली बसणाऱ्या गावात हा माणूस गरम फरशी करायला निघाला. हसणारे हसले. मी हसले नाही. पण मला ते स्वप्नासारखं वाटायचं, दुसऱ्याच्या झोपेत शिरून पाहिल्यासारखं.

त्यानं गॅलरीत बाक टाकला. फूटभर लांब, फूटभर रुंद अशी एकेक फरशी. वरती साधी गुळगुळीत लादी, खाली उष्णता जमिनीत मुरू नये म्हणून बुचाचा जाड थर, आणि मध्ये तारेचं कापड. चारी कडांना पिना आणि खाचा. एक फरशी दुसरीला लावली की वीज आपोआप पुढे जायची. हवं तर सहा लावा, हवं तर साठ. जमिनीवर लावा, भिंतीवर लावा. एक बिघडली तर तेवढीच काढा. “लहान मुलांचे ठोकळे असतात ना, तसं,” तो म्हणायचा, आणि मग घाईनं पुढच्या फरशीकडे वळायचा.

तारेचं कापड हीच खरी गंमत होती. ती त्याला रशीदभाईंच्या लूमवर सुचली. रशीदभाई म्हणजे मागच्या गल्लीतले लूमवाले; राहायला थोडे लांब. आठ लूम, सगळे जुने, धोट्याचे, म्हणजे आडवा धागा लाकडी धोट्यातून इकडून तिकडे नेणारे. मोठ्या कारखान्यांत तेव्हा नवी यंत्रं येत होती, जुने लूम भंगारात चालले होते. पण मोहन म्हणाला, नव्या यंत्रात आडवा धागा दर वेळी कापला जातो; धोट्याच्या लूमवर तो जातो, वळतो, परत येतो — या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. मग त्या धाग्याच्या जागी केसासारखी बारीक तार घातली तर? काचेच्या तंतूंच्या उभ्या धाग्यांतून एकच अखंड तार नागमोडी विणली जाईल. रशीदभाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग आठातला एक लूम बंद करून या कामाला दिला. दोघं तासन् तास त्या लूमपाशी उभे असायचे. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे, ते दोघांच्या केसांवर, भुवयांवर बसायचे. मी डबा द्यायला जायची तेव्हा मला वाटायचं, हे दोघं एकदम म्हातारे झालेत आणि अजून खेळताहेत.

पहिल्या सहा चांगल्या फरश्या आमच्याच घरात आल्या. आईंसाठी. त्यांना मधुमेह होता, वर्षानुवर्षांचा. पाय बधिर झाले होते. खडा रुतला तरी कळायचा नाही, आणि तरी म्हणायच्या, “पाय गार पडलेत रे.” न कळणाऱ्या पायांना गारठा कसा कळतो? मी एकदा मोहनला विचारलं होतं. तो म्हणाला, तो बहुतेक पायात नसतोच.

बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, आईंच्या वेताच्या खुर्चीपुढे त्यानं त्या बसवल्या. तीन आणि तीन. कोपऱ्यातल्या एकाच फरशीत उष्णता मोजणारी पट्टी होती. ती फरशी ठरावीक गरम झाली की सहाही बंद व्हायच्या, निवली की सुरू. सहाही फरश्यांत पट्ट्या घालायला परवडत नव्हतं. एक नियम होता, तो त्यानं मला चारदा सांगितला : वर काही अंथरायचं नाही. चटई नाही, पोतं नाही, काही नाही. ऊब वर निघून जायला हवी.

त्याच डोंगरातल्या लॉजच्या मालकाला त्यानं पत्रं लिहिली होती. ते गृहस्थ जानेवारीत मुंबईला येणार होते. त्यांनी कळवलं होतं की राहत्या घरात महिनाभर वापरून पाहा आणि रोजच्या नोंदी दाखवा, मग सगळ्या खोल्यांचं बोलू. नोंदींचं काम माझं. माझं अक्षर चांगलं. दर दोन तासांनी फरशीवर तापमापक ठेवायचा आणि वहीत लिहायचं. मी कॉलेजात असले की आई वेळ सांगायच्या, शेजारची मुलगी आकडा वाचून चिठ्ठीवर लिहून ठेवायची, आणि मी ते संध्याकाळी वहीत नीट उतरवायची.

तो महिना — कसा सांगू? सकाळी उठून मी अनवाणी त्या फरश्यांवर जाऊन उभी राहायची. खिडकीतून फिकट ऊन, खाली ती मऊ ऊब. घोट्यांपर्यंत चढायची, मग गुडघ्यांपर्यंत. जमीन जिवंत असावी तशी. आई खुर्चीत डोळे मिटून. मोहन पलीकडे चहाचा कप घेऊन आमच्याकडे बघत. मला वाटतं तेवढा एक महिना आम्ही तिघं एका कोपऱ्यात होतो.

मग मी असं का केलं?

इथं आले की माझा हात थांबतो. काल इथंच थांबले होते.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू होतं. दर वर्षी मी करते, बिल्डिंगमधल्या आणि गल्लीतल्या बायका येतात. आठवडाभर आधी शेजारच्या पाटीलकाकू आणखी दोघी-तिघींना घेऊन येऊन गेल्या होत्या. त्यांची शेतं आता गोदामांखाली गेलेली, हातात सोनं, जीभ मोकळी. फरश्या बघून म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्यानं हालात चूल पुरली हाय म्हनं. आता आमी काय बसायचं त्याच्यावर, का भाकऱ्या भाजायच्या?” मी हसले. सगळ्या हसल्या. त्या फरश्या दिसायला चांगल्या नव्हत्या हेही खरं. जमिनीपासून बोटभर उंच, कडांना काळी चिकटपट्टी, भिंतीलगत वायर. मी पुस्तकांत वाढलेली बाई, लोक काय म्हणतात याच्या पलीकडे गेले आहे असं समजणारी. आणि ते ‘चूल पुरली’ मला सात दिवस टोचत राहिलं.

त्या दिवशी मोहन सकाळीच मुंबईला गेला, लॉजच्या मालकांना भेटायला. रात्री तिथंच मामांकडे राहणार होता. जाताना म्हणाला, फरश्या चालू असू देत, आज गारठा आहे, नोंदी चुकवू नकोस. दुपारी मी खोली आवरली. पितळी ताटं पुसली, तिळगूळ काढला. आणि माहेरची मोठी सतरंजी काढून जमिनीवर पसरली. फरश्यांवरून. एवढ्यावर थांबले नाही. उंचवटा दिसू नये म्हणून खाली एक गोधडी घातली. कोपऱ्यातली एकच फरशी, पट्टी असलेली, उघडी राहिली. तिच्यावर मी शोभेची कुंडी ठेवली.

बटण का बंद केलं नाही? बटण कपाटामागे होतं, ताटांनी भरलेलं टेबल सरकवावं लागलं असतं. आणि त्या वर्षी दुपारी दोनला भारनियमन असायचं. दोनला लाईट जायची ती सहाला यायची, घड्याळ लावावं इतकी नेमकी. बायका तीनला येणार. मी मनाशी म्हटलं, लाईट जाईलच, फरश्या आपोआप निवतील. भिवंडीतल्या कुठल्याही बाईनं हेच म्हटलं असतं. पण नियम कुठल्याही बाईला सांगितला नव्हता. मला सांगितला होता.

त्या दिवशी लाईट गेली नाही.

आई विधवा. इतर घरांत त्या अशा दिवशी आतल्या खोलीत बसल्या असत्या. मी म्हटलं, “आई, तुम्ही बाहेरच बसायचं, तुमच्या खुर्चीत.” मला ते आवडायचं नाही, असं बाजूला बसवणं. आणि खोटं कशाला बोलू, मी तसं करत नाही हे चारजणींना दिसावं हेही आवडायचं. त्या खुर्चीत बसल्या. पाय सतरंजीवर. मी त्यांच्या गुडघ्यांवरून शाल घातली आणि पायांभोवती नीट खोचली, अगदी प्रेमानं.

तीन तास. बायका येत होत्या, अत्तराचा वास, काचेच्या बांगड्या, खिडकीतून तिरपं ऊन आणि त्यात तरंगणारे ते कापसाचे कण. पाटीलकाकू म्हणाल्या, “आज लाईट न्हाय गेली, तुझं नशीब गं बाय.” मी पंखा सुरू केला. किती सुंदर दुपार होती ती. मला अजून तशीच आठवते. आठवायला नको इतकी सुंदर.

संध्याकाळी सतरंजी उचलली तेव्हा तिची खालची बाजू इस्त्री केल्यासारखी होती. मी फरशीवर हात ठेवला आणि काढून घेतला. दुसरीवर ठेवला. तिसरीवर. झाकलेल्या पाचही फरश्या सारख्याच तापलेल्या. हात टेकवत नव्हता. कोपऱ्यातली, कुंडीखालची, नुसती कोमट. तिनं सगळ्यांना गारच समजून चालू ठेवलं होतं. मी टेबल सरकवलं, बटण बंद केलं. आईंना विचारलं, “पाय ठीक आहेत ना?” त्या म्हणाल्या, आज बरं वाटलं. मी पाय पाहिले नाहीत. शाल काढून पाय पाहायला किती वेळ लागला असता?

मग वही घेतली आणि दुपारच्या नोंदी मनानंच लिहून टाकल्या. तेहतीस, चौतीस, तेहतीस. चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन आला. आनंदात होता. लॉजचे मालक जवळजवळ तयार होते. पिशवी ठेवली, तेलाची वाटी घेतली आणि रोजच्यासारखा आईंच्या पायाशी बसला. उजव्या टाचेला आणि तळव्याला मोठे फोड होते. एक फुटलेला. आईंना त्याचा पत्ताच नव्हता.

त्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग वर पाहून मला विचारलं,

“काल यावर काही अंथरलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

एवढंच. तो माझ्याकडे संशयानं बघत नव्हता. बघितलं असतं तर कदाचित बोलले असते. तो फक्त विचारत होता, इंजिनीअर विचारतो तसं. त्यानं वही उघडली, नोंदी वाचल्या, मान हलवली. मग आईंना विचारलं. त्या सगळा वेळ तिथंच होत्या. सतरंजी त्यांच्या पायांखाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मला काय कळतंय बाबा. पाय माझे असून नसल्यासारखे.”

त्यांनी मला वाचवलं. मी त्यांना तसं करू दिलं.

पुढचे तीन महिने मोहन चूक शोधत राहिला. जी नव्हती ती चूक. उघड्या फरश्या दिवसदिवस चालवून बघायचा. त्या कधीच वाजवीपेक्षा जास्त तापायच्या नाहीत. पुन्हा चालवायच्या, पुन्हा ठीक. माझ्या वहीकडे बघून म्हणायचा, आकडे बरोबर आहेत, मग भाजलं कशानं? शेवटी छिन्नीनं सहाही फरश्या फोडल्या, कापड काढून भिंगाखाली इंच-इंच तपासलं. तार अखंड होती, कुठंही काही नव्हतं. मला ठाऊक होतं काही असणार नाही. मी त्याला चहा नेऊन देत होते.

काहीच सापडेना तेव्हा तो रशीदभाईंकडे गेला. मी सोबत होते. म्हणाला, या सहांत काही दिसत नाही, पण विणण्यातच काहीतरी राहिलं असणार. रशीदभाईंनी लूम थांबवला. एवढंच म्हणाले, “मोहनभाई, मेरे कपडे में ऐब नहीं है.” पण म्हणताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मला वाटलं, दुखावले. त्यानंतर दोघांचं बोलणं कमी होत गेलं. महिनाभरात त्या आठव्या लूमवर पुन्हा साधं कापड सुरू झालं.

तुमच्या लक्षात आलं असेल, मोहनला तेवढी एकच गोष्ट हवी होती. आपल्याकडे माणसं जमिनीवर बसतात, झोपतात, जमिनीवर काही ना काही अंथरतातच. हे कळलं असतं तर त्यानं प्रत्येक फरशीत पट्टी घातली असती. पैसे जमवले असते, कुठूनही. दोन आठवड्यांचं काम. ती गोष्ट त्याच्या घरात होती, त्याच्यासमोर ताट वाढत होती.

आईंची जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. एकदा ड्रेसिंग करताना, मोहन बाहेर गेलेला असताना, त्या मला हळूच म्हणाल्या, “पायाचं मला काही नाही गं. त्याचं तोंड बघवत नाही.” याहून जास्त काय सांगायचं असतं एखाद्यानं? मी पट्टी बांधली. गाठ नीट बसली का पाहिलं. दोन वर्षांनी त्या गेल्या, त्यावर पुन्हा एक शब्दही न बोलता.

लॉजच्या मालकांना मोहननं स्वतः पत्र लिहिलं. मला दाखवलं, शुद्धलेखन बघायला. त्यात होतं, ‘माझ्या फरशीनं माझ्या आईचा पाय भाजला. कारण मला सापडलेलं नाही. सापडत नाही तोवर ती कुणाच्या पायाखाली घालणं मला बरोबर वाटत नाही.’ मी एक वेलांटी दुरुस्त केली.

नंतर त्यानं सायझिंगही सोडलं. जवळच्या वळ गावी एका गोदामात नोकरी धरली, येणाऱ्या-जाणाऱ्या खोक्यांवर खुणा करायची. म्हणायचा, यंत्रांपाशी आता हात कचरतो. गॅलरीतला बाक विकला. हसायचा, बोलायचा, जेवताना पेपर वाचून दाखवायचा. फक्त एखाद्या दिवशी थंडी पडली की खिडकीपाशी उभा राहून म्हणायचा, “काय चुकलं असेल गं?” विचारत नसायचा, नुसतं म्हणायचा. मी प्रत्येक वेळी शेजारीच असायची. किती वेळा म्हणाला असेल? पाच हिवाळे. गोदामातच, खुर्चीत बसल्याबसल्या त्याचं हृदय बंद पडलं.

इथं संपवलं असतं. पण आणखी एक आहे, आणि तेच सांगायला मी इतके दिवस लावले.

तेराव्यानंतर रशीदभाई भेटायला आले. खूप थकलेत आता. बराच वेळ मोहनच्या फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, “भाभी, एक बात दिल पे है.” आणि सांगितलं. ते कापड विणताना एकदा तार तुटली होती. धागा तुटला की गाठ मारायची, आयुष्यभराची सवय. हातानं आपसूक गाठ मारली आणि लूम पुढे चालला. मोहननं बजावलं होतं, तार तुटली तर सगळं काढून पहिल्यापासून विणायचं. इतकं विणलेलं वाया जाईल म्हणून ते बोलले नाहीत. ती गाठ कुठल्या तुकड्यात गेली त्यांना ठाऊक नाही. मोहन विचारायला आला तेव्हा त्याच्या तोंडावर ऐब नाही म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच : अम्मांचा पाय त्या गाठीनं भाजला, मोहनभाईंचं काम त्या गाठीनं बुडालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

त्या सहा फरश्यांत गाठ नव्हती. मोहननं इंच-इंच पाहिलं होतं, मी भिंगावर दिवा धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. ज्याला दुखवायची भीती होती तोही आता नव्हता. कसली भीती उरली होती?

मी म्हणाले, “जाऊ द्या, रशीदभाई. हे असते तर त्यांनीही तुम्हाला माफ केलं असतं.”

त्यांनी हात जोडले. जिन्याच्या कठड्याला धरून उतरताना मला शुक्रिया म्हणत होते, परत परत, अगदी खालच्या पायरीपर्यंत.

त्यांचं घर इथून पायी दहा मिनिटांवर आहे. आठ महिन्यांत मी तिथं गेलेले नाही.